पंचवीसपैकी बावीस

४ जानेवारी

दादा,

माझी बदली झाली. वॉर्डातून उचलून मला छातीच्या ओपीडीत टाकलंय. जिन्याखालची खोली आहे. एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक वजनकाटा, ज्यावर कुणी आपखुशीने चढत नाही. काम म्हणशील तर सोपं आहे. दम्याचा पेशंट डॉक्टरबाईंकडे जायच्या आधी माझ्याकडे येतो आणि मी त्याच्याकडून एक फॉर्म भरून घेते. पाच प्रश्न. गेल्या चार आठवड्यांत दम्यामुळे कामात किती अडथळा आला, धाप किती वेळा लागली, झोपेतून किती वेळा उठावं लागलं, तातडीचा पंप किती वेळा ओढला, आणि तुमच्या मते तुमचा दमा किती आटोक्यात आहे. प्रत्येक उत्तराला एक ते पाच गुण. एकूण पंचवीस. वीस किंवा त्याच्या वर असलं की बरं चाललंय, खाली असलं की औषध बदलायचा विचार करायचा.

दवाखान्यात जा म्हटलं की तुझा चेहरा कसा होतो ते मला माहीत आहे. म्हणून एक कोरा फॉर्म सोबत पाठवते. प्रामाणिकपणे भर आणि परत पाठव. दर महिन्याला एक भरायचा. गणितात तू शाळेत कधी पास झाला नाहीस, निदान इथे तरी हो.

फोन का उचलत नाहीस? वहिनी उचलते, "ते आत्ताच बाहेर गेले" म्हणते. रोज त्याच वेळी तू जातोस तरी कुठे?

मनीला अभ्यास कर म्हणावं. वहिनीला नमस्कार.

तुझी बारकी

१७ जानेवारी

बारके,

तुझा पेपर सोडवला. मनीने बेरीज तपासली. पंचवीसपैकी बावीस. आता बोल.

एकेक सांगतो, नाहीतर तू म्हणशील कॉपी केली. कामात अडथळा अजिबात नाही, पाच. लाकडं वरच्या माळ्यावर चढवायचं काम आता दुसरा कारागीर करतो, मी खाली बसून खुर्च्यांचे पाय घासतो. त्यामुळे अडथळा यायचा प्रश्नच नाही. धाप आठवड्यातून एखादवेळा, चार. झोपेतून उठलो नाही, पाच. पंप आठवड्यातून दोन-तीनदा, तीन. आणि माझ्या मते सगळं आटोक्यात आहे, पाच.

फोनचं म्हणशील तर कारखान्यातला सगळा कल्ला अजून कानात असतो, घरी आल्यावर यंत्राला कान लावायचा कंटाळा येतो. पत्र बरं. पत्रात मी तुझ्यापेक्षा हुशार वाटतो.

तुझी खोली जिन्याखाली आहे हे वाचून वाईट वाटलं. नर्सिंगला तुला घातलं तेव्हा मला वाटलं होतं की तुला खिडकीवाली खोली मिळेल. मालकाने एका शाळेच्या खुर्च्यांचं काम घेतलंय. झाल्यावर तुझ्या टेबलाला एक बरी खुर्ची करून देतो. सरकारी खुर्चीत बसून तुझी पाठ वाकेल.

दादा

३० जानेवारी

दादा,

बावीस. शाब्बास.

फॉर्म डॉक्टरबाईंना दाखवला. म्हटलं, हा माझा भाऊ, वीस वर्षं लाकूडकाम करतो, लहानपणापासून दमा, आणि बघा. त्या म्हणाल्या, चांगलं ठेवलंय स्वतःला. मला इतकं बरं वाटलं. आमच्याकडे येणाऱ्यांत तुझ्या वयाचे लोक बारा, तेरा गुण घेऊन येतात. परवा एक शिंपी आला होता, त्याला अकरा पडले. औषध बदललं, पंप धरायची पद्धत शिकवली. पुढच्या महिन्यात बघू म्हणाला.

रोजचा पंप रोज घेतोस ना? तो बरं वाटत असतानाही घ्यायचा असतो. हे मी आता दिवसातून तीस वेळा सांगते, तुला एकतिसाव्यांदा.

खुर्चीची वाट बघते.

बारकी

६ मार्च

बारके,

या खेपेला तेवीस. एक गुण वाढला. पंप कमी ओढला असं लिहिलंय.

आपल्या गल्लीतला दुकानदार विचारत होता, हल्ली दिसत नाही म्हणून. बाजारात आता मनी जाते. सोळा वर्षांची झाली, तिला सवय व्हायला हवी. रविवारी टेकडीवर फिरायला जायचो तेही बंद केलं, चपला झिजतात. बाकी मजेत.

मनी म्हणते, आत्याला सांगा, बाबा आता विनोद सांगतात पण स्वतः हसत नाहीत. लेक आहे की पोलीस, कळत नाही.

तुझा फॉर्म मी आरशाशेजारी चिकटवलाय. दाढी करताना तुझी आठवण येते.

दादा

२ एप्रिल

वहिनी,

हे पत्र घरच्या पत्त्यावर न पाठवता तुझ्या वाचनालयात पाठवते. दादाला दाखवू नकोस.

काल ओपीडीत एक बाई आल्या. बसमध्ये वाहक आहेत. फॉर्म भरला, चोवीस गुण. मी हसून त्यांना आत पाठवलं. डॉक्टरबाईंनी फॉर्म बघितला, त्यांच्याकडे बघितलं आणि विचारलं, "घर कितव्या मजल्यावर?"

"चौथ्या."

"लिफ्ट?"

"बंद आहे."

"मग चढता कशा?"

"चढत नाही. आठवड्यातून एकदाच खाली उतरते. कामावर रजा टाकलीय."

म्हणून धाप लागत नव्हती. म्हणून कामात अडथळा नव्हता, कारण कामच नव्हतं. त्या बाई खोटं बोलल्या नव्हत्या, वहिनी. विचारलं तेवढंच सांगितलं होतं. तपासल्यावर त्यांना लगेच भरती करावं लागलं.

घरी येऊन मी दादाची पत्रं काढली. लाकडं दुसरा कारागीर चढवतो. बाजारात मनी जाते. टेकडी बंद. हसणं बंद. हे सगळं त्याने मला लिहिलेलंच होतं आणि मी आकडा तेवढा वाचला.

सोबत एक फॉर्म आहे. तो त्याच्यासाठी तू भर. तुला जे दिसतं ते लिही. खरं सांगायचं तर असा दुसऱ्याने भरायचा नसतो. पण भर.

तुझी बारकी

९ एप्रिल

बारके,

वाचनालयाच्या मागच्या टेबलावर बसून लिहिते आहे. घरी लिहिता येत नाही.

सात. पंचवीसपैकी सात. बेरीज तीनदा केली.

तुझा दादा जानेवारीपासून पलंगावर झोपलेला नाही. बैठकीच्या खोलीत आरामखुर्ची आहे, तिच्यात उशी घेऊन बसतो. झोपेतून उठत नाही हे त्याने बरोबर लिहिलं, झोप लागते कुठे? तातडीचा पंप महिनाभर पुरायला हवा, पंधरा दिवसांत खडखडतो. रोजचा पंप कपाटात तसाच आहे. "त्याने काहीच जाणवत नाही, उगाच कशाला ओढायचा" म्हणतो. फोन तो घेत नाही कारण बोलताना मध्ये थांबावं लागतं. "तिच्या कानाला लगेच कळेल, ती तेच काम करते," असं मला म्हणाला.

मी विचारलं, तिला खरं का सांगत नाहीस? म्हणाला, "तिने माझा कागद डॉक्टरबाईंना दाखवलाय. शाब्बास लिहिलंय. आता काय सांगू, नापास झालो?"

तुला हे आधीच कळवायला हवं होतं. मी त्याच्या बाजूने राहिले. नवरा-बायकोत असं होतं, एकाने लपवलं की दुसऱ्याच्याही तोंडाला कुलूप लागतं.

काय करायचं ते सांग. लवकर सांग.

वहिनी

१४ एप्रिल

दादा,

काल फोनवर तू चार शब्द बोललास आणि ठेवून दिलास. त्या चार शब्दांत तू दोनदा थांबलास, ते मी ऐकलं. वहिनीवर रागावू नकोस. तिला मीच विचारलं होतं.

मी रागावलेली नाही. चूक माझी आहे. ही परीक्षा नाही रे. कमी गुण मिळाले म्हणून कुणी नापास होत नाही. कमी गुण म्हणजे आम्ही अजून काहीतरी करायचं राहिलंय, एवढंच. पास-नापास मीच तुझ्या डोक्यात घातलं. ते काढून टाक.

सोबत एक चिठ्ठी आहे. डॉक्टरबाईंनी तुमच्या तिथल्या रुग्णालयासाठी लिहून दिली आहे. ती घेऊन उद्याच जा, वहिनीला बरोबर घेऊन जा. परवा नाही, उद्या. आणि तिथे कुणी विचारलं तर मला जे लिहीत होतास ते सांगू नकोस. वहिनीला जे दिसतं ते सांग. तिथून बरं वाटलं की इकडे ये. डॉक्टरबाई स्वतः बघते म्हणाल्या आहेत.

लहान असताना ताप आला की मी औषध थुंकायचे आणि तू माझं नाक दाबायचास. आता माझी पाळी.

बारकी

२ मे

बारके,

गेलो. तुझी चिठ्ठी दाखवली. तिथल्या डॉक्टरने वाफेच्या मशीनला लावलं, गोळ्या दिल्या आणि पंप कसा ओढायचा ते शिकवलं. वीस वर्षं मी तो चुकीचा ओढत होतो. अर्धं औषध जिभेवरच राहायचं. डॉक्टर मनीपेक्षा फार मोठा नसेल, मला म्हणाला, "काका, पुन्हा करून दाखवा." पाच वेळा करून घेतलं.

आता खरं लिहितो. आधीच्या चार आठवड्यांचे खरे गुण सहा. वहिनीने सात दिले होते, तिने माया केली. पण मागच्या आठवड्याचं विचारशील तर एकोणीस होतील, आणि हे शपथेवर सांगतो.

बारके, तुला कसं सांगू. चौथ्या दिवशी सकाळी पलंगावर आडवा झोपून जाग आली. पोटापर्यंत श्वास गेला. मी तसाच पडून राहिलो आणि नुसता घेत होतो, सोडत होतो. वहिनीला वाटलं मला काही झालं. मला हे माहीतच नव्हतं. म्हणजे कधीतरी माहीत असेल, लहानपणी, पण विसरलो होतो. मला वाटायचं सगळ्यांना असंच होतं, बाकीचे लोक तक्रार करत नाहीत इतकंच. त्या फॉर्मवर "तुमच्या मते" असं लिहिलंय ना, तिथे मी पाच लिहायचो ते अगदीच खोटं नव्हतं. आटोक्यात असणं म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं.

काल मनीने एक विनोद सांगितला. मी हसलो. ती रडायला लागली. घरात सगळेच वेडे झालेत.

डॉक्टरने महिनाभर पॉलिशच्या खोलीत जायला मनाई केलीय. पण शाळेच्या खुर्च्या दहा तारखेला द्यायच्या आहेत, चाळीस. दुसऱ्या कारागिराचा हात पॉलिशवर बसलेला नाही. दोनच दिवसांचं काम आहे, तोंडाला फडकं बांधीन. ते उरकलं की बाराला आम्ही तिघंही तुझ्याकडे निघतो.

दादा

२० जून

वहिनी,

आठ दिवस मी तुझ्या घरात होते आणि तू माझ्याशी बोलली नाहीस. मी काय झालं ते विचारलं तेव्हा तू तोंड फिरवलंस. मला वाईट वाटलं नाही. मीही माझ्याशी बोलले नसते.

पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याचं दोन तारखेचं पत्र मला सहा मेला मिळालं. मी ते ओपीडीत जिन्याखाली बसून वाचलं. पोटापर्यंत श्वास गेला, तिथे आले आणि मला पुढचं दिसेना, डोळे भरले. डॉक्टरबाईंना वाचून दाखवलं. शिपाईमामांना वाचून दाखवलं. शेवटच्या चार ओळी मी वाचल्या, वहिनी. पॉलिश, फडकं, दोन दिवस. वाचल्या आणि मनात म्हटलं, बाराला येईल तेव्हा कान उपटीन. फोन करायला हवा होता. हातातलं सगळं टाकून फोन करायला हवा होता. कुठल्याही पेशंटने हे वाक्य माझ्यासमोर म्हटलं असतं तर मी त्याला खुर्चीवरून उठू दिलं नसतं.

आठ तारखेला तुझा फोन आला तेव्हा माझ्या टेबलावर ते पत्र उघडंच होतं.

आधी आकडा वाचला आणि बाकीचं सोडलं. मग आनंद वाचला आणि बाकीचं सोडलं. दोन्ही वेळा त्याने लिहिलं होतं.

तू उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

बारकी

८ जुलै

बारके,

चालेल म्हणालीस म्हणूनच उत्तर देते.

तेव्हा विचारलंस ते आता सांगते. सात मेला तो पॉलिशच्या खोलीत गेला, फडकं बांधून. संध्याकाळी चांगला होता. थोडा खोकला होता, पण जेवला, मनीची वही तपासली. आठला सकाळी मी म्हटलं, आज नको जाऊस. म्हणाला, अकरा खुर्च्या राहिल्यात. दुपारी दुसरा कारागीर खिडकी उघडायला आत गेला, तर हा भिंतीला धरून उभा होता, हातात पंप. बोलता येत नव्हतं. त्यांनी मालवाहू टेम्पोत घालून नेला. रुग्णालयाच्या दाराशी त्या तरुण डॉक्टरने त्याला ओळखलं. अर्धा तास खटपट केली त्या पोराने. नंतर बाहेर येऊन माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "काका गेले."

आता दुसरं. तू पास हा शब्द वापरलास. तो मी विसरू शकत नाही. तुला गंमत होती. तू त्याची लेकच होतीस, बारके. मनी जन्मायच्या आधीपासून. तुझ्यासमोर कमी पडणं त्याला जमलं नसतं. एवढं तुला कळायला हवं होतं.

आणि मी तीन महिने त्याच खोलीत झोपत होते जिथून त्याची खुर्ची दिसायची. एवढं मलाही कळायला हवं होतं. म्हणजे तुझ्यावर रागावण्याचा मला हक्क आहे की नाही, ते माझं मला समजत नाही. पण राग आहे. काही दिवस राहू दे.

वहिनी

१५ सप्टेंबर

वहिनी,

राग राहू दे. मी तुला समजवायला लिहीत नाहीये.

काल एक रंगारी आला, घरांना रंग देणारा. पन्नाशीचा, हसरा. फॉर्म हातात घेतला आणि विचारलं, "सिस्टर, किती पडले की सुटका?" बायको दाराबाहेर बाकावर बसली होती.

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, हा कागद नंतर. आधी मला सांगा, वर्षापूर्वी काय काय करत होता आणि आता काय करत नाही. तो म्हणाला, तसं काही नाही. मग मी त्याच्या बायकोला आत बोलावलं आणि तोच प्रश्न विचारला. ती नवऱ्याकडे बघायला लागली. त्या बघण्याची मला ओळख आहे. मी म्हटलं, त्यांच्याकडे नका बघू, माझ्याकडे बघा. ती बोलायला लागली ती पंधरा मिनिटं थांबली नाही. शिडी चढत नाहीत. नातवाला उचलत नाहीत. बसून झोपतात.

फॉर्म मग भरला. दहा आले. रंगारी म्हणाला, फारच कमी. मी त्याला म्हटलं, बरं झालं सांगितलंत.

डॉक्टरबाईंच्या परवानगीने आता मी सगळ्यांशी असंच करते. वेळ दुप्पट लागतो, बाहेर लोक कुरकुरतात. फॉर्म वाईट नाही, वहिनी. पुष्कळ लोक त्याच्यामुळे वेळेवर सापडतात. मीच तो नीट वापरला नाही. त्या खोलीतून बदली मागावी असं बरेचदा वाटलं. नाही मागितली.

मनी कशी आहे? तिने माझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही.

बारकी

४ नोव्हेंबर

बारके,

मनीला आलेली तुझी पत्रं मी वाचली नाहीत, पण तिने ती उघडली आहेत हे मला माहीत आहे.

ती फार बोलत नाही. शाळेतून येते, खोलीत बसते. काल भाजी निवडताना एकदम म्हणाली, "आई, बेरीज मी केली होती ना." मला आधी कळलंच नाही. मग ती म्हणाली, "बाबा मला आकडे सांगायचे आणि मी बेरीज करायचे. झोपेच्या प्रश्नाला पाच सांगितले तेव्हा मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी डोळा मारला. मी हसले आणि पाच मांडले."

सोळा वर्षांची पोर. आपण दोघी एकमेकींना पत्रातून जबाबदारीचे तुकडे वाटून घेत होतो आणि तिसरा वाटा ती एकटी घेऊन बसली होती. मी तिला जवळ घेतलं, तुझी काही चूक नाही म्हटलं. तिला ते पटलं नाही. मी आई आहे, मी तसंच म्हणणार, असं तिला वाटतं.

मग विचारलं, "बाबांना माहीत होतं का, की असं होईल? की खरंच त्यांना वाटायचं की ते बरे आहेत?"

याचं उत्तर मला येत नाही. तुला त्या आजारातलं कळतं, तुझ्याकडे त्याची पत्रं आहेत. तू ये. सगळी पत्रं घेऊन ये. तिच्याशेजारी बस आणि तिला वाचून दाखव, तुझीही आणि त्याचीही, काही न गाळता. तिला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस. या घरात ते फार झालं.

माझा राग अजून आहे. तरी ये.

वहिनी

९ नोव्हेंबर

वहिनी,

शनिवारी सकाळच्या गाडीने निघते. सगळी पत्रं घेतली आहेत.

मनीला सांग, आत्यालाही सगळी उत्तरं येत नाहीत. जी येतात ती खरी सांगेन.

बारकी